धर्मानंद कोसंबी : भ्रमंती आणि परतीचे ऋण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात प्रवासवर्णन आणि आत्मचरित्र ही दोन स्वतंत्र दालने मानण्याची प्रथा आहे. या विभागणीमुळे काही ग्रंथांची आणि त्यामागील व्यक्तींची दखल अपुरी राहते. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हा असाच एक ग्रंथ होय. तो आत्मचरित्र म्हणून अभ्यासला जातो आणि तसा तो आहेही. परंतु ज्या जीवनाचे ते निवेदन आहे, त्या जीवनाचा निम्मा भाग परक्या प्रदेशांत, अनोळखी माणसांच्या आश्रयाने, बहुधा रिकाम्या खिशाने केलेल्या भ्रमंतीचा आहे. प्रस्तुत लेखात धर्मानंदांचे चरित्र या भ्रमंतीच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांनी प्रवासात काय पाहिले यापेक्षा, त्या प्रवासाचा खर्च कोणी सोसला आणि त्याची परतफेड त्यांनी कशी केली, हा प्रश्न येथे मुख्य मानला आहे.

प्रवासाचा हेतू काय, यावर प्रवासाचे स्वरूप अवलंबून असते. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेले विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवून घराचे कर्ज फेडावे या हेतूने. पंडिता रमाबाई इंग्लंड-अमेरिकेस गेल्या त्या शिक्षणासाठी आणि पुढे स्त्रियांच्या संस्थेस साहाय्य मिळविण्यासाठी. याखेरीज आपल्याकडे यात्रेची परंपरा आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेस दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाजातील भाविक येतात. आपल्या पूर्वजांचे आणि देवतांचे स्थान नेमके कोठे आहे हे त्यांस ठाऊक असते. वाट पिढ्यान्पिढ्यांची असते आणि बरोबर आपली माणसे असतात. पंढरीच्या वारकऱ्याचेही तसेच. धर्मानंदांची गोष्ट यांहून वेगळी होती. १८९९ साली ते घराबाहेर पडले तेव्हा ज्या धर्माच्या शोधात आपण निघालो आहोत तो जिवंत स्वरूपात कोठे आढळेल, याची त्यांस कल्पना नव्हती. हिंदुस्थानातून तो जवळजवळ लोपला होता. त्याची भाषा पाली आहे आणि ती शिकविणारे लोक समुद्रापलीकडे आहेत, हे त्यांना वाटेतच उमगत गेले. त्यामुळे त्यांच्या प्रवासाचा मार्ग आधी आखलेला नव्हता. जेथे काही कळेल तेथे जायचे, आणि तेथे कळेल त्यावरून पुढचा मुक्काम ठरवायचा, अशी ती रीत होती.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. घर सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविकेचे साधन मुख्यतः नारळाची बाग. गावात मिळेल तेवढे मराठी शिक्षण झाले. इंग्रजी शाळेचा लाभ झाला नाही. लहान वयात १८९१ साली बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. बागेची देखभाल करीत असता हाती पडतील ती मराठी पुस्तके आणि मासिके ते वाचीत. १८९७ साली 'बालबोध' या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. पुढे हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांचे संशोधन करणाऱ्या पंडिताची पहिली प्रेरणा मुलांच्या मराठी मासिकातून आलेली आहे, ही बाब मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे. ज्या भाषेने त्यांना बुद्धाची ओळख करून दिली त्या भाषेचे ऋण त्यांनी पुढे आयुष्यभर मानले.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांची थोरली मुलगी माणिक जन्मली होती. पत्नी आणि तान्ही मुलगी यांना नातलगांच्या आधारावर ठेवून तेवीस वर्षांचा हा तरुण पुण्यास आला. या गृहत्यागाचा विचार केल्याविना धर्मानंदांच्या प्रवासाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. पुढील सुमारे सात वर्षे त्यांचे अन्न छत्रांतून, विहारांतून आणि परक्या घरांतून आले. तेथील दात्यांचा उल्लेख त्यांनी कृतज्ञतेने केला आहे. परंतु या प्रवासाचा पहिला आणि सर्वांत मोठा भार बाळाबाईंनी उचलला होता. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नसल्याने त्यांची बाजू चरित्रकारांच्या हिशेबात बहुधा येत नाही.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन आणि प्रार्थना समाजाचा आश्रय मिळाला. बौद्ध ग्रंथांपर्यंत पोहोचण्यास संस्कृत आवश्यक, असे ठरल्यावर ते इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत १९०० साली काशीस गेले. काशीतील अन्नछत्रांत गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांस एक वेळचे जेवण मिळे. त्या आधारावर आणि तेथील शास्त्र्यांच्या कृपेने त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. ज्या जातीत ते जन्मले होते तिच्यामुळेच छत्राचे दार त्यांस खुले होते आणि ज्या बुद्धाच्या शोधासाठी ते शिकत होते त्याने तर जन्मजात श्रेष्ठत्व नाकारले होते. हा विरोध धर्मानंदांच्या पुढील सामाजिक विचारात स्पष्टपणे प्रकट झाला.

काशीहून १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाचे जन्मस्थान ज्या देशात, तेथे बौद्ध धर्म आढळेल असा त्यांचा तर्क होता. तराईतून डोंगर ओलांडून ते काठमांडूस पोहोचले. तेथे स्तूप होते, पूजा होती. परंतु त्यांना अपेक्षित असलेले बुद्धवचनांचे अध्ययन नव्हते, आणि अहिंसेच्या उपदेशकाच्या परिसरात पशुबळीची प्रथा पाहून त्यांचे मन खिन्न झाले. येथे एक ऐतिहासिक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातील हजारो तरुण पाठीवर पिशवी घेऊन तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान या खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात येत. काठमांडू आणि गोवा ही त्यांची दोन आवडती ठिकाणे होती. १९७९ मधील इराणच्या क्रांतीने आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याच्या प्रवेशाने तो मार्ग बंद पडला. त्या लाटेच्या कितीतरी आधी एक गोवेकर त्यांच्याइतकाच तुटपुंज्या सामानानिशी गोव्याहून काठमांडूस गेला होता. मात्र त्या तरुणांना मायदेशी परतण्याचा मार्ग आणि बहुधा थोडाफार पैसा असे. धर्मानंदांपाशी यांपैकी पैसा नव्हताच, आणि परतण्याचा निश्चय त्यांनी केलेला नव्हता.

नेपाळातील निराशेनंतर ते बुद्धगयेस आले. तेथे भेटलेल्या भिक्षूकडून त्यांना कळले की, पालीचे अध्ययन करावयाचे तर सिलोनला गेले पाहिजे. उत्तरेकडे चाललेला शोध अशा रीतीने एकाएकी दक्षिणेकडे वळला. कलकत्ता आणि मद्रास या मार्गाने ते १९०२ सालीच कोलंबोस पोहोचले. हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापिलेले विद्योदय विद्यालय हे त्या काळी पाली अध्ययनाचे अग्रगण्य केंद्र होते. तेथे धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा पाया घातला. त्या वेळी पाली त्रिपिटक देवनागरी लिपीत छापलेले नव्हते. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन लिपीत ग्रंथ काढण्यास आरंभ केला होता. अन्यथा ग्रंथ सिंहली, ब्रह्मी किंवा सयामी लिपीत होते. म्हणून एका भाषेच्या अध्ययनासाठी धर्मानंदांस आधी परक्या लिप्या आत्मसात कराव्या लागल्या. देश ओलांडण्याइतकेच लिपी ओलांडणे हेही त्यांच्या प्रवासाचे अंग होते.

आहाराच्या आणि प्रकृतीच्या अडचणींमुळे सिलोनमध्ये दीर्घकाळ राहणे त्यांस शक्य झाले नाही. १९०३ साली ते मद्रासेस परतले. तेथे बौद्ध विचाराचे पुरस्कर्ते प्रा. लक्ष्मी नरसू आणि पुढे कामगार चळवळीचे नेते म्हणून प्रसिद्धीस आलेले सिंगारवेलू यांच्याशी त्यांचा परिचय झाला. या मंडळींच्या दृष्टीने बौद्ध धर्म हा जातिभेदाविरुद्धचा विवेकनिष्ठ विचार होता. तेथून धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. ब्रह्मदेशातील संघात पाली ग्रंथांचे अध्ययन आणि ध्यानसाधना या दोन्हींची परंपरा अखंड होती. मंडाले येथे तर राजा मिंडोनने सारे त्रिपिटक संगमरवराच्या ७२९ शिलांवर कोरविले होते. धर्मानंद तेथे भिक्षू म्हणून राहिले, ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचू लागले आणि ध्यानाचा अभ्यास करू लागले. मधल्या काळात हिंदुस्थानात येऊन त्यांनी सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी आदी बुद्धाच्या जीवनाशी निगडित स्थानांची यात्रा केली आणि पुन्हा ब्रह्मदेश गाठला.

या सहा-सात वर्षांतील धर्मानंदांची जगण्याची रीत भिक्षूची होती. आजच्या प्रवासी वाङ्मयात स्वावलंबन हा मोठा गुण मानला जातो. भिक्षूच्या प्रवासाचा पाया याच्या उलट, म्हणजे उघड परावलंबनाचा असतो. भिक्षापात्र घेऊन निघालेला मनुष्य दात्याच्या दारी उभा राहतो तेव्हा दात्याने अन्न द्यावे आणि भिक्षूने शील आणि ज्ञान जपावे, असा एक अलिखित करार तेथे असतो. अन्न घेणाऱ्यावर त्यायोगे एक जबाबदारी येते. धर्मानंदांच्या पुढील निर्णयांचा उलगडा या जबाबदारीच्या जाणिवेतून होतो.

१९०६ साली त्यांनी चीवराचा त्याग केला आणि ते कलकत्त्यास आले. वंगभंगविरोधी चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पालीचे अध्यापन केले. ज्याच्यापाशी कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, त्यास केवळ ज्ञानाच्या बळावर विद्यापीठात स्थान मिळाले. त्याच वर्षी सुमारे सात वर्षांनंतर ते गोव्यास परतले. पुढे बाळाबाई कलकत्त्यास त्यांच्यासमवेत राहिल्या. १९०७ साली त्यांचा मुलगा दामोदर जन्मला. गणितज्ञ आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून पुढे विख्यात झालेले दा. ध. कोसंबी ते हेच. गृहस्थाश्रम असा पुन्हा सुरू झाला, तरी घरापासून दूर राहण्याचे प्रसंग बाळाबाईंच्या वाट्याला नंतरही वारंवार आले.

कलकत्त्यास स्थैर्य आणि मान दोन्ही लाभत होते. तरीही १९०८ साली त्यांनी ती नोकरी सोडली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहून वर्षाकाठी एक ग्रंथ सिद्ध करावा. विद्यापीठाच्या वेतनाच्या मानाने ही रक्कम अगदी अल्प होती. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय अनाकलनीय वाटतो. परंतु त्यांच्या भ्रमंतीच्या संदर्भात पाहिल्यास तो अपरिहार्य ठरतो. काशीपासून मंडालेपर्यंत त्यांनी जे मिळविले होते ते मराठी वाचकापर्यंत पोहोचले नसते, तर तो सारा प्रवास एका व्यक्तीच्या जिज्ञासापूर्तीपुरता राहिला असता. बडोद्यातील व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' (१९१०) हे पुस्तक सिद्ध झाले. पुढे 'बुद्धलीलासारसंग्रह' (१९१४), 'समाधिमार्ग' (१९२५), 'बौद्धसंघाचा परिचय' (१९२६) असे ग्रंथ त्यांनी लिहिले. या ग्रंथांची भाषा साधी आणि पांडित्यप्रदर्शनापासून मुक्त आहे. मासिक वाचून बुद्धाकडे वळलेला बागाईतदाराचा मुलगा हाच त्यांचा गृहीत वाचक असावा, असे या शैलीवरून अनुमान करता येते.

१९१० साली त्यांच्या प्रवासाचे दुसरे पर्व सुरू झाले. हार्वर्ड विद्यापीठातील प्रा. जेम्स वुड्स यांच्यामुळे त्यांना अमेरिकेचे निमंत्रण मिळाले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले कार्य तडीस न्यावे, हे त्यामागील प्रयोजन होते. इंग्लंडमार्गे ते केंब्रिज येथे गेले आणि १९१२ पर्यंत तेथे राहिले. परंतु संपादनाच्या श्रेयावरून प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि काम पूर्णत्वास न नेता ते परतले. येथे पूर्वीच्या आणि या प्रवासातील फरक लक्षात येतो. विहारात त्यांनी भिक्षा मागितली होती आणि ती सन्मानाने मिळाली होती. विद्यापीठात त्यांस वेतन होते. परंतु केलेल्या कामावर आपले नाव असावे यासाठी मात्र झगडावे लागले. १९१८ ते १९२२, १९२६-२७ आणि १९३१-३२ अशा आणखी तीन खेपा त्यांनी हार्वर्डला केल्या. १९१८ च्या खेपेस माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर होती. 'विसुद्धिमग्गा'ची हार्वर्ड आवृत्ती अखेर १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाली. त्याआधी १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती काढली होती. ज्या ग्रंथासाठी त्यांस परक्या लिप्या शिकाव्या लागल्या, तो पुढील विद्यार्थ्यांस आपल्या लिपीत वाचता यावा, अशी व्यवस्था त्यांनी केली.

अमेरिकेतील दोन वास्तव्यांच्या दरम्यान, १९१२ ते १९१८ या काळात, ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांसारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ नंतर काही वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. १९२९ साली ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला गेले. बौद्ध तर्कशास्त्राचे थोर अभ्यासक श्चेरबात्स्की तेथे कार्य करीत होते. अमेरिकेतील वाचनापासून समाजवादाविषयी त्यांच्या मनात आस्था होती. ती व्यवस्था प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यांस मिळाली. १९३० साली मायदेशी परतताच त्यांनी मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला आणि कारावास पत्करला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांच्या पुढाकाराने 'बहुजन विहार' उभा राहिला. ज्या काशीत जातीमुळे त्यांना अन्न मिळाले, त्याच्या नेमके उलट असे हे स्थान होते: जातीमुळे ज्यांच्यासाठी दारे बंद होती त्यांच्यासाठी ते उघडले होते.

धर्मानंदांच्या बौद्धविषयक लेखनाचा परिपाक म्हणजे 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) हा ग्रंथ. सिद्धार्थाच्या गृहत्यागाविषयी त्यांनी येथे केलेली मीमांसा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनाने वैराग्य येऊन, मध्यरात्री निजलेल्या पत्नीस आणि पुत्रास सोडून सिद्धार्थ गुपचूप निघाला, ही सर्वपरिचित कथा त्यांनी प्राचीन सुत्तांच्या आधारे अमान्य केली. अरियपरियेसन सुत्तात आईबाप रडत असता गृहत्याग केल्याचे वर्णन आहे. तेव्हा तो चोरून केलेला असणे शक्य नाही, हा त्यांचा एक मुद्दा. शाक्य आणि कोलिय यांच्यातील संघर्षात शस्त्र हाती घेण्याचा वीट आल्याने तो घडला, हा दुसरा. त्यांच्या मते तो गृहत्याग उघड, विचारपूर्वक आणि समाजातील हिंसेशी संबंधित होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथातही गृहत्यागाची कारणमीमांसा शाक्य-कोलिय संघर्षाच्या आधारे केलेली आढळते.

या मीमांसेचा आधार पाली साधने आहेत आणि तिची परीक्षाही त्याच साधनांनी व्हावयास हवी. संशोधकाच्या निष्कर्षामागे केवळ त्याचे खासगी आयुष्य शोधणे हे अन्यायाचे होईल. तथापि एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. तान्ह्या मुलीस आणि पत्नीस सोडून निघालेला एक मनुष्य चार दशकांनी, त्याला घराबाहेर काढणाऱ्या त्याच चरित्राकडे पुन्हा वळतो आणि गृहत्याग हा आप्तांच्या देखत, त्यांचे दुःख डोळ्यांसमोर असता घडला असे सिद्ध करतो. मासिकातील सोप्या कथेपासून सुत्तांच्या चिकित्सेपर्यंतचा हा पल्ला त्यांच्या साऱ्या प्रवासाचा सारांश आहे. गृहत्यागात कोणाचे तरी अश्रू असतात, ही जाणीव मूळ कथेतील निद्रिस्त यशोधरेच्या प्रसंगाने झाकली जाते. धर्मानंदांच्या मांडणीत ती झाकलेली राहत नाही.

आयुष्याच्या अखेरीस प्रकृती ढासळली. आता आपल्या हातून काही कार्य होणार नाही आणि इतरांवर भार होऊन राहणे योग्य नाही, अशा विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे एकदा हा निश्चय त्यांनी मागे घेतला. पुढे वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे त्यांनी पुन्हा उपवास आरंभिला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. जो मनुष्य अर्धे आयुष्य दुसऱ्याने दिलेल्या अन्नावर जगला, त्याने अन्नाच्या मोबदल्यात देण्यासारखे काही उरले नाही असे वाटताच अन्न नाकारले. या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. परंतु भिक्षापात्र हाती धरताना स्वीकारलेल्या कराराशी तो सुसंगत होता, एवढे निश्चित म्हणता येईल.

राहुल सांकृत्यायन हे धर्मानंदांनंतरच्या पिढीचे. त्यांनीही सिलोन आणि तिबेटच्या भ्रमंतीतून बौद्ध ग्रंथ हिंदी वाचकापुढे आणले, आणि हिंदी वाङ्मयेतिहासात त्यांची भटकंती हा त्यांच्या कर्तृत्वाचा अविभाज्य भाग मानला जातो. मराठीत मात्र धर्मानंदांची गणना पालीचे पंडित म्हणून होते आणि त्यांचा प्रवास हा पांडित्याची पूर्वतयारी म्हणून दोन-चार वाक्यांत उरकला जातो. वस्तुतः त्यांचे पांडित्य प्रवासाच्या वाटेवरच घडले. ग्रंथ, गुरू, लिपी आणि मते या सर्व गोष्टी त्यांना मुक्कामामुक्कामावर, इतरांच्या औदार्याने मिळाल्या. आणि त्यांतील शक्य तेवढ्या त्यांनी मराठीत आणून ठेवल्या. 'निवेदना'चा अभ्यास प्रवासवाङ्मयाच्या दालनातही व्हावा. तो करताना काशीचे छत्र, कोलंबोचे विद्यालय आणि ब्रह्मदेशातील विहार यांच्याबरोबर, गोव्यात माणिकला वाढवीत राहिलेल्या बाळाबाईंचेही नाव त्या प्रवासाच्या आश्रयदात्यांत घेतले गेले पाहिजे.